पाचशेतले एकसष्ट बोर्ड परत आले, आता व्हेंडर बदलू का?

पत्र (थोडं छाटून देतेय): ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय २९. शेतीपंपाच्या स्टार्टरला लावायचा मोबाईल ऑटो बनवतो, घरबसल्या फोन लावला की मोटर चालू. पहिले ४० सर्किट बोर्ड मी आणि भावाने हाताने सोल्डर केले, ते सगळे आजपण चालू आहेत. मग भोसरीच्या एका असेंब्लीवाल्याला ५०० ची ऑर्डर दिली. जीएसएम मॉड्यूल (सिमवर चालणारा मोबाईलचा भाग), मायक्रोकंट्रोलर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) मी घेऊन दिले (मॉड्यूल गेल्या पावसाळ्यात स्वस्तात मिळाले म्हणून टेपवर बसवलेलं रीळ घेऊन ठेवलं होतं), पीसीबी (कोरी सर्किट पाटी) आणि बाकीचं चिल्लर सामान त्याने घातलं. मार्चमध्ये माल आला आणि जूनपर्यंत ६१ परत. काही एकदम डेड, काही नेटवर्क धरत नाहीत नाहीतर मधेच रिस्टार्ट होतात, आठ-दहांचा रिले अडकतो. तो म्हणतो आम्ही टेस्ट करून दिले होते, डिझाईन तुमचं, मॉड्यूल तुमचं. मी त्याचे १ लाख ४० हजार थांबवलेत. माझं स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा) आणि उरलेलं सामान त्याच्याकडे अडकलंय. पैसे देऊ का? व्हेंडर बदलू का? मावसभाऊ म्हणतो छोटं पिक अँड प्लेस मशीन (बोर्डावर पार्ट ठेवणारं) घे आणि मोकळा हो.

अरे, तू माझ्या भाच्याच्या वयाचा म्हणून सरळ अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात कामाची वाटलेली ओळ ६१ ची नाही, ती आहे "पहिले ४० आजपण चालू आहेत". तू ती व्हेंडरच्या विरोधात पुरावा म्हणून लिहिलीयस, की बघा माझं डिझाईन बरोबर आहे. पण मी भोसरी-पिंपरीच्या असेंब्ली लाईनवर बावीस वर्षं काढलीत, आणि मला ती ओळ वाचून उलटंच वाटलं. हाताने केलेला बोर्ड आणि मशीनवरून आलेला बोर्ड दिसायला सारखा, गरबर फाईल (बोर्डाचा नकाशा) तीच, पण त्याच्यावर जे जे घडतं ते पूर्ण वेगळं असतं, आणि तुझे तिन्ही प्रॉब्लेम बरोबर त्या फरकात बसतायत असा माझा संशय आहे. संशयच म्हणते, बोर्ड हातात नाहीत माझ्या.

आधी एक काम कर. एकसष्टच्या एकसष्ट बोर्ड टेबलावर मांड आणि तीन ढीग कर, डेड, नेटवर्कवाले, रिलेवाले. प्रत्येकावर नंबर टाक आणि कोणत्या तारखेला परत आला ते लिही. सोल्डरिंग आयर्न अजिबात लावू नकोस, एकदा का तू गरम करून बघितलंस की व्हेंडर म्हणणार हे तुम्हीच बिघडवलं, आणि तेव्हा त्याचं बरोबरच असेल.

डेडवाल्या ढिगापासून सुरू कर. सप्लाय काढून मीटर लाव, मेन सप्लायची लाईन आणि ग्राउंड शॉर्ट दाखवतायत का बघ. दाखवत असतील तर त्या लाईनवरचे सिरॅमिक कपॅसिटर बघ, विशेषतः मोठ्या साईझचे, १२०६ वगैरे, आणि त्यातले बोर्डाच्या कडेला कुठले आहेत ते बघ. आता मला सांग, बोर्ड पॅनलमध्ये होते ना? ५०० चं काम कोणी एकेक बोर्ड मशीनमधून काढत नाही, चार-सहा जोडून पॅनल करतात आणि मधे व्ही-कट (मोडायला पाडलेली खाच) असतो. तो पॅनल शेवटी तोडला कोणी आणि कसा? डीपॅनलिंग मशीनवर, म्हणजे दोन गोल पात्यांमधून सरकवून, की टेबलाच्या कडेवर ठेवून पार्लेजीसारखा कटकट मोडला? हाताने मोडताना बोर्ड वाकतो, बोर्ड वाकला तरी त्याला काही होत नाही पण सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे शेवटी चिनी मातीच की, तो वाकत नाही, तडकतो. आणि ती तडा बहुतेक वेळा टोकाच्या धातूखालून जाते, वरून भिंगातून पण दिसत नाही. टेस्टला बोर्ड मस्त चालतो. मग तो विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसतो, तिथे ओल, उन्हाळ्याचं तापणं, तडेत दमट हवा शिरते आणि दोन-तीन महिन्यांनी शॉर्ट. मार्च ते जून, बघ जुळतंय का.

तुझ्या ४० बोर्डांना पॅनल नव्हताच ना, सुटे मागवले असशील. म्हणून ते जिवंत आहेत.

यात चूक कोणाची? दोघांची, आणि हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाहीये. हाताने मोडला असेल तर व्हेंडरची चूक, पण कपॅसिटर व्ही-कटला चिकटून आणि काटकोनात ठेवला असशील तर तुझी. कटपासून निदान पाच मिलिमीटर आत घे, लांबी कटला समांतर ठेव, आणि जागाच नसेल तर सॉफ्ट टर्मिनेशनवाले (लवचिक टोकांचे) कपॅसिटर मिळतात ते घाल, थोडे महाग असतात पण सप्लायवरच्या दोन-तीनच जागी लागतात. आणि पर्चेस ऑर्डरमध्ये एक ओळ लिही की पॅनल हाताने तोडायचा नाही. एवढी एक ओळ. मी स्वतः किती पर्चेस ऑर्डर बघितल्या असतील, ही ओळ लिहिणारे गिऱ्हाईक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दुसरा ढीग, नेटवर्कवाला. इथे तुला जरा लागेल. मॉड्यूलचं रीळ तू गेल्या पावसाळ्यात घेतलंस, मग मोजायला उघडलं असशील, चार-पाच काढून प्रोटोटाईपला वापरले असशील आणि बाकीचं दुकानात कपाटात. बरोबर? त्या चंदेरी पिशवीवर एक लेबल असतं, त्यावर एमएसएल लेव्हल (पार्टला ओल किती सोसते ते) लिहिलेली असते, अशी मॉड्यूलं बहुतेक लेव्हल ३ ची असतात. अर्थ असा की पिशवी उघडल्यापासून १६८ तासांत, म्हणजे सात दिवसांत, सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमधून गेली पाहिजेत, आणि ते सात दिवस पण ३० डिग्री आणि ६० टक्के दमटपणाच्या आतले. तासगावच्या पावसाळ्यात ६० टक्के कुठला रे. मॉड्यूल ओल पिऊन बसतं, आणि मग रिफ्लो ओव्हनमध्ये लेड-फ्री पेस्टसाठी २४० डिग्रीच्या आसपास तापमान जातं तेव्हा आतल्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि आतले थर सुटतात. लाईनवर याला पॉपकॉर्न म्हणतात. तू हाताने लावलेली मॉड्यूलं कधी ओव्हनमध्ये गेलीच नाहीत, फक्त कडेच्या पायांना आयर्न लागलं, म्हणून त्यांना काही झालं नाही.

यावर उपाय सोपा आहे, वापरायच्या आधी बेक करायचं. पण रिळासकट १२५ डिग्रीला टाकलं तर टेप वितळते, रिळात ठेवून करायचं तर कमी तापमानाला कितीतरी दिवस, नाहीतर ट्रेमध्ये काढून. चांगला व्हेंडर उघडं रीळ बघितल्या बघितल्या फोन करतो, साहेब, हे उघडं आलंय, बेक करायचं का, त्याचे एवढे पैसे होतील. तुझ्याने फोन केला नाही. तू सांगितलं पण नाहीस. मग भांडण कशावर करणार?

पण याच ढिगात एक गोष्ट त्याच्या बाजूची पण तपास. मॉड्यूलच्या सप्लायवर तू मोठा कपॅसिटर दिला असशील, समज १००० मायक्रोफॅरड. टू-जी वर कॉल लागला की मॉड्यूल अगदी अर्ध्या मिलिसेकंदाच्या झटक्यात दोन अँपियरपर्यंत ओढतं, तेव्हा व्होल्टेज पडू नये म्हणून तो असतो. आता तुझ्या बीओएममध्ये (सामानाच्या यादीत) काय लिहिलंय, कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर, की नुसतं "१००० यूएफ १० व्होल्ट"? चिल्लर सामान त्याने घातलं म्हणतोस. नुसती व्हॅल्यू लिहिली असेल तर त्याचा परचेसवाला पुण्याच्या तापकीर गल्लीत जाईल आणि जे स्वस्त मिळेल ते आणेल, आणि कागदावर तो एक पैशाचापण खोटा नाही, १००० आहे, १० व्होल्ट आहे. फक्त ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) भरमसाठ, त्यामुळे सिग्नल चांगला असला तर चालणार आणि टॉवर लांब असला, मॉड्यूलला जोर लावायला लागला, की रिस्टार्ट. तुझ्या जुन्या ४० पैकी एका बोर्डावरचा आणि या ५०० पैकी एकावरचा कपॅसिटर शेजारी ठेवून छाप वाच. दोन मिनिटांचं काम आहे, आणि या ढिगाचा अर्धा निकाल तिथेच लागेल बहुतेक.

बीओएमवरून आठवलं. आमच्याकडे एकदा एका गिऱ्हाईकाची एक्सेल फाईल आली, त्याने पाठवायच्या आधी सॉर्ट केली होती पण एकच कॉलम सिलेक्ट करून. म्हणजे जागांची नावं हलली आणि व्हॅल्यू तिथेच राहिल्या. आम्ही इमानदारीत तीनशे बोर्ड त्या फाईलप्रमाणे भरले, एकूणएक चुकीचे. प्रोग्रामिंग करणारी मुलगी म्हणत होती की एलईडीला दहा मेगाओहम कसा असेल, पण विचारायला कोण थांबतं, दुसऱ्या दिवशी डिस्पॅच होता. आणि ती मुलगी मीच होते, म्हणून इतकं लक्षात आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, फाईलच्या नावात रिव्हिजन आणि तारीख टाका, आणि पहिला एक बोर्ड भरून झाला की लाईन थांबवा, तो बोर्ड तुम्ही स्वतः बघून सही करा, मग बाकीचे. तासगावहून भोसरी म्हणजे एक दिवस जातो हे मान्य. ६१ शेतकऱ्यांकडे जाऊन बोर्ड काढून आणण्यात किती दिवस गेले?

रिलेवाल्या ढिगासाठी तीन-चार रिले बळी द्यावे लागतील, त्याला आधी सांगून, जमलं तर व्हिडिओ काढत. कटरने वरचं टोपण काप आणि कॉन्टॅक्ट बघ. काळे पडून एकमेकांना चिकटले असतील तर ती वेल्डिंग आहे, म्हणजे स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका, आणि तुझ्या सर्किटमध्ये स्नबर (तो झटका शोषणारा भाग) नाही, तो दोष तुझा. पण पिवळट चिकट थर दिसला तर तो फ्लक्स, सोल्डरिंगला वापरतात ते रसायन. सोल्डरिंग झाल्यावर त्याच्या बायकांनी ब्रशने आयपीए (एक अल्कोहोल) लावून बोर्ड धुतले असणार, आणि तुझा रिले सील्ड नसेल तर विरघळलेला फ्लक्स आत जाऊन कॉन्टॅक्टवर सुकतो. तुझे ४० बोर्ड धुतलेच नव्हते ना? बघ, तिसऱ्यांदा तेच. यात पण तू कागदावर काही दिलं नव्हतंस, ना "धुवायचं नाही", ना "रिले शेवटी लावा".

आता "आम्ही टेस्ट करून दिले होते" याबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. त्याची टेस्ट म्हणजे १२ व्होल्ट लावले, एलईडी लागला, बोर्ड बॉक्समध्ये. लागला नाही तर बाजूला. तू टेस्ट लिहून दिली नसशील तर याच्यापेक्षा जास्त तो कशाला करेल, त्याला काय माहीत तुझा बोर्ड चालतोय म्हणजे काय होतंय. बोर्ड बनवणं त्याचं काम आहे, पण चांगला बोर्ड कोणता हे ठरवणं तुझं. तू एक जिग (टेस्टचा साचा) बनव, लाकडी फळी चालेल, स्प्रिंगवाल्या पोगो पिना, एक चालू सिम, दोन बल्ब. फेज नसली की ट्रिप होतंय का, फोनवर रिले ओढतो-सोडतो का, कॉल चालू असताना मॉड्यूलचं व्होल्टेज किती पडतंय, एवढं तपासून प्रत्येक बोर्डाचा आयएमईआय आणि निकाल एका शीटमध्ये. बोर्डामागे दोन-तीन मिनिटं लागतील आणि तो त्याचे वेगळे पैसे मागेल. दे. आणि सोल्डरिंग कसं दिसायला हवं यावर वाद नको म्हणून ऑर्डरमध्ये "आयपीसी-ए-६१०, क्लास २" एवढं लिही, जगभर चालणारं स्टँडर्ड आहे, कुठला जोड पास आणि कुठला फेल हे त्यात चित्रांसकट दिलंय, त्याच्याकडे त्याची प्रत नसेल तर तेही तुला कळून जाईल.

पैशाचं सांगते, मी वकील नाही पण या धंद्यात हे माहीत असावं लागतं. तो जर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, आणि भोसरीतले असले बरेच जण असतात, तर एमएसएमई कायद्याप्रमाणे तुला ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या वर नाही, काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, दर महिन्याच्या हिशोबाने. माल पटला नाही तर डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. तू मार्चमध्ये माल घेतलास, वापरलास, विकलास, आणि जूनमध्ये बहुतेक फोनवर भांडलास. म्हणजे पूर्ण १ लाख ४० हजार अडवून बसणं तुला महागात पडू शकतं. माझं म्हणणं, ६१ बोर्डांची मजुरी आणि त्याने घातलेल्या सामानाची किंमत काढ, तेवढं वादातलं म्हणून लेखी कळव, बाकीचे देऊन टाक. पैसे हातात पडलेला माणूस तुझ्याबरोबर बसून बोर्ड बघतो, पैसे अडकलेला माणूस फक्त तारीख देतो.

आणि सामानाचा हिशोब. मॉड्यूल, रिले तू जॉबवर्कला पाठवलेस ते डिलिव्हरी चलनावर ना? जीएसटीत जॉबवर्कला दिलेलं सामान एका वर्षात परत यायला लागतं नाहीतर ती विक्री धरली जाते, आणि आयटीसी-०४ फॉर्म भरायचा असतो, तुझ्याएवढ्या उलाढालीला वर्षातून एकदा. त्यामुळे चलन काढ, किती दिलं, ५०० बोर्डांत किती गेलं, किती उरलं, असा स्टॉक त्याच्याकडून सहीने माग. दोन-चार मॉड्यूल आणि मूठभर रेझिस्टर कमी निघाले तर त्यावर रक्त आटवू नकोस, प्रत्येक रीळ मशीनला लावताना पुढची थोडी टेप वायाच जाते, मशीन काही पार्ट फेकतं पण. पन्नास मॉड्यूल कमी असतील तर मात्र बोल. स्टेन्सिलचे पैसे तू दिले असशील तर ते तुझं, पण फ्रेमसकट आणून करणार काय, दुसऱ्याच्या प्रिंटरला ती फ्रेम बसेल याची खात्री नाही, आणि लेआऊट बदलणारच आहेस तर नवीन लागेलच.

व्हेंडर बदलायचा का? आत्ता लगेच नको. नवीन माणूस याच चुका पहिल्यापासून करेल, कारण त्या तुझ्या कागदात नाहीत. आधी याच्याकडे जा, फोन न करता नको, सांगून जा, तिन्ही ढिगातले तीन-तीन बोर्ड घेऊन, आणि मालकाशी नाही तर प्रॉडक्शन बघणाऱ्या माणसाशी बस. चहा पिता पिता बाकीचं बघून घे. सोल्डर पेस्ट फ्रिजमध्ये आहे ना, आणि त्याच फ्रिजमध्ये दुधाची पिशवी नाही ना (हसू नकोस, बघितलंय). उघडी रिळं कोरड्या कपाटात आहेत की रॅकवर. स्टॅटिक वीज काढून टाकणारे मनगटाचे पट्टे मुलींच्या हातात आहेत की टेबलाला लटकलेत. एओआय मशीन (कॅमेऱ्याने बोर्ड तपासणारं) चालू आहे की त्यावर बॉक्स ठेवलेत. तुझ्या मॉड्यूलचे काही पॅड पोटाखाली असतात, ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत, तर एक्स-रे कुठून करून आणता हे विचार, पाच-दहा बोर्डांचा बाहेरून करून मिळतो. तो माणूस बोर्ड हातात घेऊन भिंगाखाली धरत असेल, "हो, हा कपॅसिटर कडेला आहे, आमच्या पोरांनी हाताने मोडले असतील" असं म्हणत असेल, तर तो व्हेंडर सोडू नकोस, त्याला पुढचे ५० दे, सुधारलेल्या कागदांवर, मग ५००. आणि तो बोर्डाकडे न बघता नुसतं "डिझाईन, डिझाईन" करत राहिला तर सातपूर-अंबडला, महापे-रबाळेला, चाकणला असेंब्लीवाले आहेत, तुला कोणी बांधून ठेवलेलं नाही. फक्त एक लक्षात घे, ५०० बोर्ड भरणं म्हणजे त्याच्या लाईनला अर्धा दिवस. ९० पार्टचा बोर्ड धरला तर ४५ हजार पार्ट, बरं मशीन ते चार-पाच तासांत लावतं, आणि तुझी रिळं फीडरला (मशीनला पार्ट पुरवणारा भाग) चढवायला-उतरवायला जवळजवळ तेवढाच वेळ. म्हणून तुझा नंबर मोठ्या गिऱ्हाईकाच्या मागे लागणार. वर्षाचे २००० एकदम सांगून ५००-५०० चे चार लॉट घेतलेस तर तुझं ऐकलं जाईल.

मावसभावाचं मशीन नको. मशीनबरोबर प्रिंटर लागतो, ओव्हन लागतो, पेस्टचा फ्रिज लागतो आणि मुख्य म्हणजे ते रोज चालवणारा माणूस लागतो, आणि तुझा धंदा शेतकऱ्याच्या विहिरीवर आहे, फीडरमध्ये अडकलेली टेप सोडवण्यात नाही.

न विकलेले बोर्ड किती राहिलेत ते लिहिलं नाहीस. असतील ते आता विकू नकोस, त्यांचे कडेचे कपॅसिटर बदलून घे, तडा दिसो न दिसो. विकलेल्यांपैकी अजून काही पावसाळ्यात परत येणार हे धरून चाल आणि दहा-वीस बोर्ड बदलून द्यायला हाताशी ठेव. आणि उरलेली मॉड्यूलं भोसरीतून आणशील तेव्हा त्याच्याकडूनच सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं कार्ड घालून व्हॅक्यूम पॅक करून घे, पॅक केल्याची तारीख लिहून. एसटीत मांडीवर कॅरीबॅगमध्ये आणू नकोस.